शाळा कोणासाठी आणि कोणत्या भाषेत?

(यंदाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सर्वप्रथम श्रीगणरायाला वंदन करतो. गणपती ही विद्येची देवता. तिच्या मांडवात शाळेविषयी बोलायला मिळावे, हे मी माझे भाग्य समजतो. कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'इंग्रजी अमदानीतील शिक्षण'. विषय समुद्राएवढा, वेळ पाऊण तासाचा, आणि मागच्या खोलीत बालगोपाळ मंडळी नाटकासाठी रंगभूषा करून तयार! तेव्हा समुद्र बाजूला ठेवून मी आपल्या हुगळीच्या काठावरच थांबणार आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. उभी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली. पण ज्या शहराने इतकी वर्षे सांभाळून घेतले त्या शहराची थोडी माहिती असावी, म्हणून वाचत गेलो. त्यातले काही आपल्यापुढे ठेवतो.

बंगालमध्ये मराठी माणसाची जुनी ओळख म्हणजे 'बर्गी'. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तोच 'मराठा डिच'. खंदक बुजला, पण येथल्या अंगाईगीतातले बर्गी काही गेले नाहीत. आपले बंगाली मित्र त्यावरून आपली थट्टा करतात आणि आपणही हसतो. पण या शहराशी मराठी माणसाचे आणखी एक नाते आहे. ते शाळेचे नाते आहे, आणि ते आपल्यालाच फारसे ठाऊक नसते.

परक्या राज्यात सरकार शाळेसाठी पैसा काढू लागले की दोन प्रश्न उभे राहतात. ही शाळा कोणासाठी? आणि तिथे शिकवायचे कोणत्या भाषेत? त्या काळी राजधानी कलकत्ता. त्यामुळे दोन्ही प्रश्नांची सरकारी उत्तरे येथेच ठरली. ती उत्तरे ज्यांना पटली नाहीत त्यांत बंगाली होते तसे मराठीही होते, आणि त्या मराठी माणसांपैकी काहींनी आपले म्हणणे याच शहरात येऊन मांडले. आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

श्रीरामपूरचा छापखाना

सुरुवात हावड्याहून लोकलने जाता येते अशा श्रीरामपूरपासून करू. १८०० साली हे गाव इंग्रजांचे नव्हते, डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनी आपल्या मुलखात पाद्र्यांना थारा देत नसे, म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सहकारी येथे राहिले व त्यांनी छापखाना काढला. केरी पूर्वाश्रमी जोडे शिवणारा. पण भाषांचे त्याला विलक्षण वेड. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले होते. तेथे तो बंगाली आणि संस्कृत शिकवी आणि पुढे मराठीही शिकवू लागला. त्याच्या मदतीला होते वैजनाथ पंडित.

१८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत होते. पुढे १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तीशी' आणि १८१५ मध्ये 'हितोपदेश' निघाले. म्हणजे पेशवाई अजून पुण्यात नांदत असताना, मराठीची अगदी सुरुवातीची छापील पुस्तके पुण्या-मुंबईत नव्हे, तर येथून तासाभराच्या अंतरावर तयार होत होती.

ऐकून छाती फुगते खरी. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही पुस्तके मराठी मुलांसाठी नव्हती. राज्य करायला आणि धर्म सांगायला जाणाऱ्या साहेबांनी मराठी शिकावे, म्हणून ती होती. भाषा आपली होती, विद्यार्थी मात्र परका होता.

कलकत्त्याचे उत्तर

इंग्रज येण्यापूर्वी शाळा नव्हत्याच असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे पंतोजींची शाळा होती. धुळपाटी, उजळणी, मोडी वाचन आणि छडी असा तिचा थाट. बंगालात पाठशाळा होत्या, संस्कृतासाठी टोल आणि फारसी-अरबीसाठी मदरसे होते. विल्यम अॅडम या गृहस्थाने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल-बिहारमधील शिक्षणाची पाहणी करून तीन अहवाल दिले. गावोगावच्या पाठशाळांची संख्या लाखाच्या घरात असावी, असा त्याचा अंदाज होता. या आकड्यावर आजही वाद आहे. पण अॅडमची सूचना साधी होती: ज्या शाळा आहेत त्याच सुधारा, तेथल्या गुरुजींना चांगली पुस्तके द्या. सरकारने ती फेटाळली, कारण तोवर निर्णय दुसराच झाला होता.

१८१३ च्या सनदेत शिक्षणासाठी दरसाल किमान एक लाख रुपये काढण्याचे कलम होते. हे लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, यावर सरकारी समितीत वर्षानुवर्षे खल चालला. दहा सभासद, पाच इकडे आणि पाच तिकडे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. वय ३४, संस्कृतचा किंवा अरबीचा गंध नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलेले. तरीही निकाल ठाम: इंग्रजीच. ७ मार्च १८३५ रोजी लॉर्ड बेंटिंकने तसा ठराव केला.

आता न्यायाने बोलायचे तर इंग्रजी आपल्यावर फक्त लादली गेली असे नाही. मेकॉलेच्या १८ वर्षे आधी, १८१७ मध्ये, येथल्या हिंदू गृहस्थांनीच वर्गणी काढून हिंदू कॉलेज स्थापन केले होते. घड्याळांचा धंदा करणारा डेव्हिड हेअर त्यांच्या पाठीशी होता. तेच पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि २०१० मध्ये विद्यापीठ. राजा राममोहन रॉय यांनी १८२३ मध्ये गव्हर्नर जनरलला पत्र लिहून सांगितले की आम्हाला आणखी एक संस्कृत पाठशाळा नको. गणित, रसायन, शरीरशास्त्र शिकवा. लोकांना नवे ज्ञान हवे होते.

खोट होती ती दुसऱ्याच ठिकाणी. एक तर या वादात बंगाली भाषेचे नाव फारसे कोणी घेतच नव्हते. भांडण संस्कृत-अरबी विरुद्ध इंग्रजी असे; ज्या भाषेत मूल आईशी बोलते ती भाषा खिजगणतीत नाही. आणि दुसरे म्हणजे, सर्वांना शिकवणे परवडणार नाही, तेव्हा वरच्या थोड्यांना शिकवू, त्यांच्याकडून विद्या झिरपत झिरपत खाली जाईल, असा हिशेब. हिशेबाच्या वह्या पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, वरच्या खात्यात जमा केलेली रक्कम आपोआप खालच्या खात्यात उतरल्याचे मी कधी पाहिले नाही. त्यातच १८४४ मध्ये सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचे ठरले आणि शाळेचा अर्थच बदलला. शाळा म्हणजे नोकरीचा दरवाजा, ही आपली समजूत तेव्हापासूनची.

मुंबईने धरलेली वाट

मुंबई इलाख्यात गोष्ट थोडी वेगळी घडली. गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात १८२२ मध्ये देशी भाषांत शालेय पुस्तके करण्यासाठी आणि शाळा चालवण्यासाठी एक संस्था निघाली. तिचे चिटणीस होते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि देशी चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे. जर्व्हिससाहेबाने गणिताची पुस्तके मराठीत उतरवली. छत्र्यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' दिली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. छत्र्यांच्या जागेवर पुढे आले बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'कार. या सगळ्या खटपटीचा अर्थ एवढाच की भूगोल, बीजगणित, नीतिकथा हे सारे मराठीत शिकवता येते, हे करून दाखवले गेले.

तरी कलकत्त्याचे वारे मुंबईला लागलेच. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला. तेव्हा बोर्डात दोन तट पडले. एकीकडे पेरीसाहेब, दुसरीकडे कर्नल जर्व्हिस आणि तिन्ही हिंदी सभासद, म्हणजे नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक दैवज्ञ, एक पारशी, एक मुसलमान, आणि तिघांचे मत एक! १८४७ मध्ये नानांनी आपले टिपण लिहिले. ते इंग्रजीचे शत्रू नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षण यावे म्हणून सर्वांत जास्त झटलेला माणूस तोच. त्यांचे म्हणणे एवढेच की बहुजनांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून जाईल. १८४८ मध्ये सरकारने मधला मार्ग काढला. वरचे शिक्षण इंग्रजीत गेले, पण खालच्या शाळांतून मराठी गेली नाही. आपले आजोबा-पणजोबा 'मराठी शाळे'त शिकले, त्यामागे हा वाद आहे.

बंगालात हेच काम पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी केले. संस्कृत कॉलेजचा हा प्राचार्य १८५५ मध्ये लहान मुलांसाठी 'वर्णपरिचय' लिहितो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बंगाली शाळा काढत हिंडतो. छत्र्यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, विद्यासागरांनी 'कथामाला' म्हणून बंगालीत. छत्र्यांची 'वेताळ पंचविशी' १८३० ची, विद्यासागरांचा वेताळ १८४७ चा. दोघांनाही तोच प्रश्न पडला असणार: शाळा तर काढली, आता मुलाच्या हातात त्याच्या भाषेतले काय द्यायचे?

श्रीरामपूरच्या सभागृहातील मराठी मुलगी

आता पहिला प्रश्न. शाळा कोणासाठी? १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८४९ मध्ये कलकत्त्यात बेथ्यून साहेबाने. येथे मदनमोहन तर्कालंकारांनी आपल्या मुलींना त्या शाळेत पाठवले आणि गावाचा रोष ओढवून घेतला. पुण्यात काय झाले ते आपण जाणताच.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट एका बदलीची. आपल्यापैकी बहुतेक जण या शहरात बदलीनेच आलो. १८८१ मध्ये पोस्ट खात्यातले एक कारकून असेच बदलून कलकत्त्याला आले, गोपाळराव जोशी. बरोबर त्यांची सोळा वर्षांची पत्नी आनंदीबाई. पुढे ती दोघे श्रीरामपूरला राहिली. परका मुलूख, परकी भाषा. बाई रस्त्याने चालत जाते, पुस्तके वाचते, याचेच लोकांना नवल, आणि नवलाबरोबर टवाळीही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जातो, हे त्यांनी इंग्रजीत सांगितले. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. या देशात स्त्री-डॉक्टरची गरज आहे. येथे शिकण्याची नीट सोय नाही. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे जहाज याच बंदरातून निघाले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि त्यांना 'पंडिता' ही पदवी १८७८ मध्ये याच कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली. श्रीरामपूर कॉलेज आजही उभे आहे. आपल्या सहली दीघा आणि शांतिनिकेतनला जातात. एकदा तेथेही जावे.

गोखल्यांचे बिल

मुलींचा प्रश्न झाला. आता शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाचा. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हे त्यांनी रोखठोक सांगितले. विद्या झिरपत नाही, हे पुराव्यानिशी मांडले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. कमिशनने ती मानली नाही.

जवळपास तीस वर्षांनी ती मागणी कलकत्त्यात कायद्याच्या रूपाने आली, आणि आणणारा होता एक मराठी शाळामास्तर. गोपाळ कृष्ण गोखले. आपल्याला ते काँग्रेसचे पुढारी म्हणून माहीत असतात. पण जवळजवळ वीस वर्षे ते न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्यांनी सोडवले. वरिष्ठ कायदेमंडळाची हिवाळी बैठक कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये भरे, म्हणजे आजच्या राज्यपालांच्या निवासस्थानी. १६ मार्च १९११ रोजी तेथे त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले.

बिल वाचले तर त्यातला मास्तर दिसतो, हिशेबनीस दिसतो, आणि सावधपणा तर पानापानावर. एकदम साऱ्या देशावर सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दीत आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील, गोखल्यांच्या मनात हे प्रमाण शेकडा ३३ होते, तेथेच सक्ती, आणि तीही त्या संस्थेने स्वतः मागितली तर, आणि सरकारने परवानगी दिली तर. आधी फक्त ६ ते १० वर्षांचे मुलगे. मुलींचे पुढे हळूहळू. ज्याचे उत्पन्न महिन्याला दहा रुपयांहून कमी त्याला फी माफ. खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेचा, दोन भाग सरकारचे.

इतके मऊ बिल! पण विरोध कडक झाला. सरकार म्हणाले, पैसा नाही. सक्तीची वेळ अजून आलेली नाही. प्रांतिक सरकारे नाखूष. मुले शाळेत गेली तर शेतावर मजूर कोठून मिळणार, ही जमीनदारांची काळजी. विरोध करणाऱ्यांत हिंदी सभासदही होते, हे विसरता कामा नये. तेव्हा देशाची परिस्थिती काय होती? १९११ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांत सुमारे सहा माणसे साक्षर. बायकांत शंभरांत एक. पाऊणशे वर्षांत वरून खाली एवढेच झिरपले होते.

गोखले वर्षभर देशभर हिंडले, सभा घेतल्या, आकडे गोळा केले. बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले होते. एका संस्थानिकाला जमते ते साम्राज्याला का जमू नये? मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८. बिल पडले. पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आमच्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करायची आहे, यश पुढच्यांच्या वाट्याला येईल, अशा आशयाचे ते बोलले आणि खाली बसले. पुढच्या महिन्यात राजधानी अधिकृतपणे दिल्लीला गेली.

मग यश कधी आले? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला. आणि अखिल भारतात ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीचा हक्क म्हणून तो कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. बिल मांडल्यापासून मोजले तर ९९ वर्षे! आणि त्यातली ६३ वर्षे इंग्रज गेल्यानंतरची आहेत. तेव्हा सगळे खापर मेकॉलेच्या डोक्यावर फोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

बंगालीत लिहिणारे देउस्कर

आणखी एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. सखाराम गणेश देउस्कर. १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी जन्म. घराणे मराठी, वाढले बंगालीत. आधी शाळामास्तर, मग 'हितवादी' पत्राचे संपादक. १९०४ मध्ये त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिले. इंग्रजी राज्यात हा देश गरीब कसा होत गेला, हे त्यांनी दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या आकड्यांच्या आधारे सामान्य वाचकाला समजेल असे सांगितले. जे इंग्रजी जाणणाऱ्यांनाच ठाऊक होते ते बंगाली वाचकाच्या हाती आले. १९१० मध्ये सरकारने पुस्तक जप्त केले. इंग्रजीतली टीका सरकारला तेवढी खुपत नव्हती. लोकांच्या भाषेतली खुपली. शिवछत्रपतींवर त्यांनी लिहिलेल्या बंगाली पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता दिली. बर्ग्यांच्या नावाने भिणाऱ्या बंगालला शिवाजी महाराज समजावून सांगणाऱ्यांत हा मराठी माणूस अग्रभागी होता.

१९०५ च्या फाळणीनंतर विद्यार्थ्यांनी चळवळीत भाग घेऊ नये म्हणून सरकारने परिपत्रक काढले. उत्तरादाखल ११ मार्च १९०६ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. ब्रजेंद्रकिशोर रायचौधुरींनी पाच लाख दिले, सुबोधचंद्र मल्लिकांनी एक लाख. त्याच ऑगस्टमध्ये बहूबाजारात बंगाल नॅशनल कॉलेज सुरू झाले. प्राचार्य अरविंद घोष, बडोद्याची नोकरी सोडून आलेले. शिक्षण आपल्या ताब्यात आणि होईल तितके मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. देउस्करांनी याच परिषदेच्या विद्यालयात बंगाली आणि भारताचा इतिहास शिकवला. त्याच वर्षअखेर कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षण आले, ती टिळकांची चतुःसूत्री. टिळक आणि गोखले राजकारणात दोन टोकांना; पण दोघेही एकाच शाळेत खडू धरलेले. परिषदेच्या कामातूनच १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. आपली कितीतरी मुले तेथे इंजिनिअर झाली.

आणि आपण

आता शेवटचे, घरचे बोलतो. थोड्याच वेळात पडदा वर जाईल आणि मुले मराठी नाटक करतील. छान करतील, मी तालीम पाहिली आहे. पण त्यांच्या हातातले कागदही पाहिले. संवाद मराठी, लिपी रोमन. एका चिरंजीवांनी बंगाली लिपीत लिहून घेतले होते. दोष मुलांचा नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, टीव्हीवर हिंदी. मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि तीही 'भाजी वाढ' आणि 'अभ्यास कर' एवढ्यापुरती. ज्या गावाजवळ मराठीचे सुरुवातीचे खिळे पडले, त्या गावाजवळच आपली मुले मराठी वाचू शकत नाहीत.

इंग्रजी नको असे मी म्हणणार नाही. इंग्रजी आली म्हणून आपल्याला नोकरी मिळाली आणि नोकरीने येथे आणले. नाना शंकरशेटांनाही दोन्ही हव्या होत्या. बंगालीही हवी, आणि ती बाजारापुरती नको, देउस्करांसारखी यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पण दर्जा दिल्लीहून येतो, वाचणारे मूल घरातच तयार व्हावे लागते. जिथे सरकारने मनावर घेतले नाही तिथे छत्र्यांनी, विद्यासागरांनी पुस्तक लिहून मुलाच्या हातात दिले. आपल्याला तर पुस्तक लिहायचेही नाही, फक्त वाचून घ्यायचे आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली भाषेची: रविवारी सकाळी एक तास मराठी वाचनाचा वर्ग. परीक्षा नाही, फी नाही. पहिला धडा म्हणून पुढच्या वर्षीच्या नाटकाची संहिता देवनागरीत. दुसरी 'कोणासाठी' या प्रश्नाची: हा मांडव बांधणारे, प्रसादाचा स्वयंपाक करणारे, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, यांची मुले शाळेत जातात. शाळा मोफत आहे, पण वरच्या वर्गात ट्यूशनवाचून या शहरात निभाव लागत नाही आणि तेथेच ती मुले गळतात. आपल्या वर्गणीतून दरवर्षी निदान पाच मुलांच्या ट्यूशनचा आणि वह्यापुस्तकांचा खर्च काढावा. सजावटीतली एक रांग दिव्यांची कमी झाली तर बाप्पा रागावणार नाही.

वर्गाची जबाबदारी पहिले वर्षभर मी घेतो. ज्यांना मुले पाठवायची आहेत, किंवा शिकवायला यायचे आहे, त्यांनी आरतीनंतर चिटणिसांकडे नाव द्यावे. वही तेथे टेबलावर ठेवली आहे.



गणपती बाप्पा मोरया!